इतर : १

आमच्या घरातल्या लोखंडी पेटीत एक कागद आहे. कळंबकडं जाणारा आमचा रस्ता रुंद करायचं ठरलं तेव्हा शेतात मोजणी झाली होती, तिची ही नक्कल. मी तेव्हा आठवीत होतो. रस्त्यात कोणकोणती झाडं जाणार याची त्यात यादी आहे, कारण मोबदला झाडाच्या जातीवरून ठरतो. लिंब ४. बाभूळ ६. बोर २. आंबा १. आणि सगळ्यात खाली, इतर १.

हे 'इतर' म्हणजे विहिरीकडं जाताना बांधावर लागायचं ते झाड. फार मोठं नव्हतं. उन्हाळ्यात त्याची सगळी पानं झडायची आणि पावसाच्या आधीच लालसर पालवी फुटायची. बारीक पांढरी फुलं यायची, त्यांना मुंग्या लागायच्या. दुपारची भाकरी आम्ही त्याच्याखाली खायचो, कारण बाभळीखाली काटे असायचे आणि लिंब लांब होता. मोजणीला आलेल्या माणसानं विचारलं, "हे कशाचं झाड हो, आबा?"

"कशाचं म्हंजे? झाड हाय की."

"तसं नाही. नाव काय याचं?"

माझ्या आजोबांनी झाडाकडं बघितलं. शेजारच्या रानातले दोघं-तिघं जमले होते. एकजण म्हणाला धावडा असंल, दुसरा म्हणाला रानजांभूळ. तिसरा म्हणाला, "जंगली हाय, लिवा काय बी." मोजणीवाला माणूस वाईट नव्हता. सकाळपासून उन्हात उभा होता. त्याच्या तक्त्यात ज्या जाती छापल्या होत्या, त्यांत हे झाड बसत नव्हतं. त्यानं 'इतर' लिहिलं आणि पुढं गेला.

काही महिन्यांनी मशिन आलं. आंब्याला वेळ लागला, या झाडाला दहा मिनिटंही लागली नाहीत. खड्ड्यात मुरूम भरला, त्यावर खडी, त्यावर डांबर. आता मी गाडीवरून गावाकडं जातो तेव्हा ती जागा कधी आली आणि कधी गेली ते कळतही नाही.

ते झाड दुर्मीळ होतं असं मला मुळीच म्हणायचं नाही. बहुतेक साधंच असणार. मला डाचतो तो वेगळाच प्रश्न. ज्याचं नाव आपल्याला माहीत नाही, त्याचं आपण काही देणं लागतो का?

*

हा प्रश्न मला आठवीत पडला नव्हता. तो पडला बऱ्याच वर्षांनी, एका दुसऱ्याच झाडाबद्दल वाचताना.

कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात, सिद्दापूर तालुक्यात, होन्नावरहून जोगच्या धबधब्याकडं जाणाऱ्या रस्त्यालगत कत्तलेकान नावाचं जंगल आहे. हा जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. कन्नडमध्ये कत्तले म्हणजे अंधार आणि कान म्हणजे दाट, सदाहरित रान. भर दुपारी जिथं ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही असं. या रानाच्या तळाशी ओहळांच्या काठानं दलदल आहे. पाणी बारा महिने. चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून तिथली झाडं मुळं वर काढतात. माणसानं गुडघा वाकवावा तशी ती मुळं चिखलातून वर येतात आणि पुन्हा आत जातात. काही झाडं खोडापासून फुटलेल्या मुळांच्या टेकूवर उभी असतात. यांतली बरीचशी जायफळाच्या कुळातली, म्हणून अशा जागांना मिरिस्टिका स्वॅम्प म्हणतात. एकेकाळी अशा दलदली घाटात बऱ्याच होत्या. तिथं पाणी असतं आणि जमीन सपाट असते, म्हणून कित्येकींच्या जागी भातखाचरं आणि सुपारीच्या बागा झाल्या.

या दलदलीत एक उंच झाड उभं होतं. त्याची कुठल्याही पुस्तकात नोंद नव्हती. २००० साली दासप्पा आणि एम. एच. स्वामीनाथ या दोघांनी त्याचं शास्त्रीय वर्णन 'इंडियन फॉरेस्टर' या नियतकालिकात प्रसिद्ध केलं आणि त्याला नाव दिलं, सेमेकार्पस कत्तलेकानेन्सिस.

नावाला घाबरू नका. शेवटचं 'एन्सिस' म्हणजे लॅटिनमध्ये 'तिथला'. आपल्याकडं गावावरून कळंबकर होतो, तसं हे झाड कत्तलेकानकर. पहिला शब्द त्याच्या घराण्याचा. ग्रीकमध्ये सेमेइऑन म्हणजे खूण आणि कार्पोस म्हणजे फळ. खुणेचं फळ. आणि हे फळ तुम्ही नक्की पाहिलेलं आहे. शनिवारी दुकानाच्या दाराला, ट्रकच्या बंपरला लिंबू-मिरची लटकवतात, त्यात जो काळा, चपटा, चकचकीत दाणा ओवलेला असतो तो बिब्बा. त्याच्या तेलाचा डाग कपड्यावरून जात नाही, म्हणून धोबी त्यानं कपड्यांवर खुणा करायचे. तीच ही खूण. बिब्ब्याचं शास्त्रीय नाव सेमेकार्पस अनाकार्डियम.

आमच्याकडं बिब्बा घराघरात. सुया-पोत विकायला येणाऱ्या बायकांच्या टोपलीत तो असायचा. टाचेत काटा मोडला की सुईवर बिब्बा तापवून चटका द्यायचे. बाळंतिणीला गोडंबी घालून लाडू द्यायचे, ती गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर. तेल अंगावर उतलं तर कातडी सोलून निघते, म्हणून 'त्यानं चांगल्या कामात बिब्बा घातला' असंही म्हणतात. आणि आमच्या या कोरड्या, खडकाळ मुलखातल्या बिब्ब्याचा एक उंचच उंच चुलतभाऊ तिकडं अंधारात, पाण्यात पाय सोडून उभा होता. एवढी शतकं. त्याची पूर्ण वाढलेली झाडं इतकी थोडी आहेत की त्याला नाव मिळालं तेच अतिसंकटग्रस्त म्हणून. शिरसीच्या वनशास्त्र महाविद्यालयातल्या अभ्यासकांनी त्याच्या फुला-फळांचा आणि रोपांचा अभ्यास केला.

नव्या झाडाला नाव कसं देतात हेही मी तेव्हाच वाचलं. त्याची एक फांदी, शक्यतो पाना-फुलांसकट, दाबून वाळवतात, जाड कागदावर चिकटवून वनस्पतिसंग्रहालयात ठेवतात. नाव कायमचं त्या फांदीला बांधलेलं असतं. पुढं कधी वाद झाला तर त्या फांदीशी ताडून बघायचं. जगात कुठंतरी आधी हे नाव दुसऱ्या कुणाला दिलेलं नाही ना, हे झाड दुसऱ्या कुठल्या नावानं आधीच नोंदलेलं नाही ना, ते तपासायचं. २०११ अखेरपर्यंत वर्णन लॅटिनमध्ये द्यावं लागे, आता इंग्रजीही चालतं. थोडक्यात, एका झाडाला नाव द्यायला वर्षानुवर्षांचं काम लागतं. आमच्या बांधावर 'इतर' लिहायला पाच सेकंद लागली होती.

*

बातम्यांमध्ये अशा वेळी 'नव्या झाडाचा शोध' असं छापून येतं. या 'नव्या'वर थोडं थांबू या.

झाड नवं नव्हतं. ते माणसाच्या आधीपासून तिथं असणार. त्या रानात मिरी गोळा करणाऱ्या, दलदलीच्या कडेनं गुरं नेणाऱ्या माणसांनाही ते नवं नव्हतं. नवं होतं ते कागदाला.

कागदावर येताना माणसं गळतात, ही जुनी गोष्ट. पण कधीकधी कुणीतरी ती मुद्दाम नोंदवून ठेवतं. सतराव्या शतकात कोचीनचा डच गव्हर्नर व्हॅन रीड यानं मलबारच्या वनस्पतींवर एक प्रचंड ग्रंथ करवून घेतला. 'होर्टस मलबारिकस'चे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापले गेले. पुढं लिनियसनं वनस्पतींना दोन शब्दी नावं देताना तो वापरला. त्या ग्रंथातली माहिती आली होती इट्टी अच्युतन नावाच्या एळवा वैद्याकडून आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांकडून. या तिघांचं प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेलं आहे. नागरी अक्षरं छापील पुस्तकात दिसण्याच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी ते एक. म्हणजे आपली लिपी छापखान्यात शिरली त्या पहिल्या काही वेळांपैकी एक वेळ झाडांमुळं होती. मला ही गोष्ट फार आवडते.

दुसरी गोष्ट केरळातलीच, पण अलीकडची. मोहाच्या घराण्यातलं एक झाड, मधुका डिप्लोस्टेमॉन, १८३५ साली गोळा केलेल्या नमुन्यावरून माहीत होतं. त्यानंतर ते कुणाला दिसलं नाही. नामशेष झालं असावं असंच धरून चालले होते. २०२० साली ते कोल्लम जिल्ह्यात एका देवराईत उभं असलेलं ओळखू आलं. जवळपास एकशे ऐंशी वर्षं ते 'हरवलेलं' होतं आणि त्या काळात रोज कुणी ना कुणी त्याच्या सावलीतून देवाला जात होतं. त्या माणसांच्या लेखी ते कधीच हरवलं नव्हतं.

मग या सगळ्या नाव देण्याला अर्थ काय? जवळच्याला झाड माहीतच आहे आणि झाडाला स्वतःला तर नावाशी काही घेणंदेणंच नाही.

*

कॉलेजच्या सुट्टीत गावी आलो तेव्हा मी आबांना विचारलं होतं. तुम्ही इतकी वर्षं त्या झाडाखाली बसलात, तुम्हाला नाव कसं माहीत नाही? मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल. ते म्हणाले, "आपल्या रानात तसलं एकच होतं. 'त्या झाडाखाली हाय' म्हटलं की तुझ्या आज्जीला कळायचं. नाव कशाला लागतंय?"

हे उत्तर मी बरेच दिवस घेऊन फिरलो. कारण ते खरं होतं. माझ्या आजीनं आबांचं नाव उखाण्याखेरीज कधी घेतलं नाही. 'अहो', 'हे', 'घरातली माणसं' एवढ्यावर तिचा पन्नास वर्षांचा संसार झाला. नाव घेतलं जात नव्हतं म्हणून नातं नव्हतं असं कोण म्हणेल? बाळाचं बारसं बाराव्या दिवशी होतं. पहिले अकरा दिवस ते बिननावाचंच असतं, आणि त्या अकरा दिवसांत त्याच्यासाठी रात्री जागवल्या जातात तेवढ्या पुढं कधी जागवल्या जात नाहीत.

देवराईतही असंच. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथं जायफळाच्या कुळातल्या मिरिस्टिका मॅग्निफिका या झाडांची एक दलदल आहे. २०१८ साली ती शास्त्रीय नियतकालिकात नोंदली गेली. तेव्हा पश्चिम घाटातली ती सगळ्यात उत्तरेकडची नोंद होती. पुढं महाराष्ट्र सरकारनं तिला जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. जागा केवढी? अडीच हेक्टरच्या आसपास. आमच्याकडं एका बऱ्या शेतकऱ्याची जमीन असते तेवढी. गोव्यात सत्तरी तालुक्यात निरंकाराची राई आहे, तिथंही अशीच दलदल आहे. आजूबाजूच्या दलदली गेल्या, या राहिल्या. निरंकाराची राई राहिली ती तिथं देव आहे म्हणून. फांदी मोडायची नाही, एवढा नियम पुरेसा होता. कुठलं झाड कुठल्या कुळातलं हे माहीत असण्याची त्यात अटच नव्हती.

माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून हे आपण वाचत आलोय. देवराईवर आजकाल इन्स्टाग्रामवर रीलही येतात, मागं बासरी वाजत असते. मला मात्र त्यात एक गोष्ट दिसते जी बासरीत हरवते. देवराईचा नियम 'हे झाड मौल्यवान आहे म्हणून तोडू नका' असा नव्हता. 'तुम्हाला माहीत असो वा नसो, तोडू नका' असा होता. न जाणणारा माणूसही त्या नियमात बांधलेला होता.

म्हणजे आबांचं बरोबर होतं. जिथं नातं आहे तिथं नावावाचून अडत नाही.

पण मग त्या दिवशी अडलं कुठं? अडलं ते परका माणूस बांधावर आला तेव्हा. त्याला 'ते झाड' म्हणून कळणार नव्हतं. त्याच्याही वर जो माणूस बसला होता त्याला तर झाड दिसणारही नव्हतं, फक्त ओळ दिसणार होती. नाव परक्यांसाठी लागतं. आणि आज जवळपास कुठल्याही झाडाचं काय करायचं हे परकी माणसंच ठरवतात.

नाव माणसांना किती लागतं हे आमच्या जिल्ह्याला कुणी सांगायला नको. २०२३ साली उस्मानाबादचं धाराशिव झालं. त्यासाठी आणि त्याविरुद्ध माणसं किती वर्षं भांडली, कोर्टात गेली. आणि आमच्या तालुक्याच्या गावाचं नाव कळंब. मराठीत कळंब म्हणजे कदंबाचं झाड. पिवळ्या चेंडूसारखी फुलं येणारं. झाडाचं नाव आम्ही रोज घेतो, एसटीच्या पाटीवर वाचतो, आधार कार्डावर छापतो. गावातल्या दहा पोरांना विचारा कळंबाचं पान कसं असतं. मलाही फोनवर शोधावं लागलं होतं.

*

आता एक सरळ आक्षेप. तो माझ्या एका मित्रानं घेतला आणि तो खोडायला सोपा नाही.

तो म्हणाला, २०१६ आठवतंय का? मांजरा धरण आटलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मांजरा आपल्या कळंबवरून जाते. आपल्या आया-बहिणी टँकरमागं पळत होत्या. आणि तू चारशे-पाचशे किलोमीटरवरच्या दलदलीतल्या झाडाची काळजी करतोस. त्याच्यावाचून आपलं काय अडलंय?

अशा वेळी निसर्गप्रेमी माणूस एक उत्तर ठेवणीतून काढतो. तिकडचं जंगल टिकलं तर आपल्याला पाऊस मिळेल. मला हे उत्तर द्यायचं नाही. मांजरा बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते, कत्तलेकानच्या ओहळांचं पाणी तिच्यात येत नाही. त्या झाडाची उरलेली सगळी खोडं उद्या आडवी झाली तरी आमच्या बोअरचं पाणी एका फुटानं खाली जाणार नाही. दुसरं ठेवणीतलं उत्तर म्हणजे औषध. कुणी सांगावं, त्याच्या सालीत कॅन्सरवरचा उपाय असेल. असेलही. पण हे म्हणजे पाहुण्याला घरात घेताना त्याच्या खिशात काय आहे ते चाचपण्यासारखं झालं. खिसा रिकामा निघाला तर काय करायचं, हा प्रश्न उरतोच.

मग उपयोग बाजूला ठेवून काही उरतं का?

१९७३ साली बल्गेरियातल्या वार्ना शहरात तत्त्वज्ञांची जागतिक परिषद भरली होती. तिथं रिचर्ड राउटली नावाच्या तत्त्वज्ञानं एक कोडं मांडलं. समजा, जगात एकच माणूस उरलाय. त्याच्यानंतर कुणीही माणूस असणार नाही. मरायच्या आधी तो हाताला लागेल तो प्रत्येक प्राणी, प्रत्येक झाड नष्ट करत सुटतो. त्यानं कुणा माणसाचं नुकसान केलं नाही, कारण माणूस उरलाच नाही. त्यानं काही वाईट केलं का?

हे कोडं मी मित्राला घातलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "वाईटच केलं की."

"का?"

"का म्हणजे... उगंच कशाला तोडायचं?"

या 'उगंच'मध्ये बरंच काही आहे. मनाला तसं वाटतं म्हणून ते सिद्ध झालं असं नाही, हे मला कळतं. मनाला चुकीच्याही पुष्कळ गोष्टी वाटतात. जातीबद्दल, बाईबद्दल आपल्या मनाला शतकानुशतकं काय काय वाटत होतं ते आठवा. पण या 'उगंच'ला एक आधार देता येतो. तोडणाऱ्याकडं कारण असायला हवं, उभं राहणाऱ्याकडं नाही. झाडानं आपण का जगावं याचा खुलासा द्यायचा नसतो. खुलासा कुऱ्हाडीनं द्यायचा असतो. तहान हा खुलासा होऊ शकतो, रस्ताही होऊ शकतो. आमचा रस्ता रुंद झाला म्हणून बाळंतिणीला घेऊन जाणारी गाडी आता लवकर पोचते, हे मी नाकारत नाही. पण खुलासा द्यायचा तर कशाबद्दल देतोय ते तरी माहीत हवं. 'इतर' बद्दल खुलासा देता येत नाही. 'इतर' तोडताना कुणाला काही तोडतोय असं वाटतच नाही.

नावाचं काम मला इथं दिसतं. नाव झाडाला वाचवत नाही. सागाला नाव आहे, चंदनाला आहे, ती नावानिशी तोडली जातात. कधीकधी तर नावामुळंच भाव येतो आणि भावामुळं चोर येतात. दुर्मीळ वनस्पतीची नेमकी जागा अभ्यासक अनेकदा छापत नाहीत ते यासाठीच. नाव एवढंच करतं की 'मला माहीत नव्हतं' हे वाक्य आपल्याकडून काढून घेतं. २००० सालाच्या आधी कुणी कत्तलेकानच्या दलदलीत सुपारी लावायला चार झाडं पाडली असतील, तर त्याला दोष देणं अवघड आहे. आज तेच केलं तर ते वेगळं कृत्य आहे. कुऱ्हाड तीच, झाड तेच. मधल्या काळात एक कागद छापून आला.

*

इथं थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. शोध लावा, नाव द्या, जबाबदारी येईल. पण यातून एक पळवाट निघते. नाव असेल तेवढ्यापुरतीच जबाबदारी असेल, तर न शोधणंच सोयीचं. ज्याला जंगल कापायचंय त्यानं आत काय आहे ते बघायलाच जाऊ नये.

आणि न शोधलेलं थोडंथोडकं नाही. २०२२ साली जगभरच्या अभ्यासकांनी मिळून एक अंदाज प्रसिद्ध केला. पृथ्वीवर झाडांच्या सुमारे ७३,००० जाती असाव्यात, आणि त्यातल्या सुमारे ९,००० जातींची अजून नोंदच झालेली नसावी. ही फक्त झाडं. गवत, वेली, शेवाळ वेगळं. म्हणजे विज्ञानाच्या तक्त्यातही शेवटी एक 'इतर' आहे, आणि त्यापुढं नऊ हजार लिहिलंय.

ज्या शरावतीच्या खोऱ्याजवळ कत्तलेकान आहे, त्याच खोऱ्यात दोन हजार मेगावॅटचा पंप्ड स्टोरेज वीजप्रकल्प प्रस्तावित आहे आणि त्यावरून बराच वाद झालाय. वीज कुणाला हवीय? मला, तुम्हाला. हा लेख तुम्ही ज्या फोनवर वाचताय त्याला. त्यामुळं प्रकल्पवाले दुष्ट आणि आपण सज्जन अशी वाटणी मला करता येत नाही. पण अशा प्रत्येक प्रकल्पाआधी झाडांची एक यादी होते, आणि ती यादी करणारा माणूसही आमच्या बांधावरच्या माणसासारखा उन्हात उभा असतो, हे मला आता विसरता येत नाही.

न जाणणं हा दोष आहे का? लहान मुलाचा नाही. वाटसरूचा नाही. आबांचाही नाही, त्यांच्या हातात मशिन नव्हतं. पण जितका अधिकार मोठा, तितकं 'माहीत नव्हतं' हे लंगडं होत जातं. डॉक्टरनं औषध दिल्यावर 'त्यानं काय होतं ते मला माहीत नव्हतं' असं म्हटलं तर आपण ऐकून घेत नाही. ज्याच्या सहीनं झाड पडतं, त्याला ते झाड कोणतं हे माहीत नसेल, तर त्यानं आधी विचारलं पाहिजे. विचारून कळलं नाही तर थांबलं पाहिजे. कायमचं नाही. पान-फूल कुणा जाणकाराला दाखवण्याइतकं. फुलाचा हंगाम नसेल तर हंगाम येईपर्यंत. एका झाडासाठी एक हंगाम थांबणं ही फार मोठी मागणी आहे, असं म्हणणाऱ्यानं आधी हे सांगावं की त्या झाडाला तेवढं उंच व्हायला किती हंगाम लागले.

देवराईचा नियम हेच सांगत होता, फक्त देवाच्या भाषेत. माहीत नसेल तर हात लावू नको. आपण आता 'इतर'ची ओळ नेमकी उलटी वाचतो. माहीत नाही, म्हणजे काही नाही.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. ज्याचं नाव माहीत आहे त्याचं देणं ज्याच्या-त्याच्या परीनं ठरतं. ज्याचं नाव माहीत नाही त्याचं निदान एक देणं आपण सगळेच लागतो. तोडण्याआधी विचारायचं.

*

आबा आता नाहीत. मागच्या वर्षी पाइपलाइनसाठी पुन्हा मोजणी झाली, तेव्हा शेतात मी होतो. यादी करणारा पोरगा माझ्याच वयाचा, हातात टॅब. ओढ्याच्या कडेला एका झुडपापाशी तो अडला. मलाही ते ओळखता येईना. त्यानं टॅबवर बोट खाली सरकवत नेलं, ते कुठं जाऊन थांबणार हे मला माहीत होतं.

मी म्हटलं, "दोन मिनिटं थांब." पानाचा फोटो काढला, मागच्या बाजूचा वेगळा काढला, देठ मोडून चीक येतो का ते बघितलं. त्याला म्हटलं, गावात एक म्हातारी आहे, पूर्वी जडीबुटी विकायची, तिला विचारून येतो. तो वैतागला असणार, पण लिंबाखाली सावलीत जाऊन बसला.

म्हातारीनं फोटोकडं बघितलंच नाही. तिनं माझ्या हातातलं पान घेतलं, चुरगाळलं, वास घेतला आणि नाव सांगितलं. साधंच झुडूप निघालं. आमच्या भागात बांधोबांध आढळणारं. पाइपलाइन त्याच्यावरूनच जाणार होती आणि गेली.

यादीत मात्र ते त्याच्या नावानं गेलं. त्या पानावर 'इतर'पुढं शून्य आहे. त्याचीही एक नक्कल मी मागून घेतली, आणि पेटीतल्या जुन्या कागदावर ठेवली.